विदा निर्मूलन

विदा निर्मूलन म्हणजे संगणकाच्या साठवण माध्यमावरील विदा (डेटा) पुन्हा मिळवता येणार नाही अशा रीतीने नष्ट करणे होय. माहितीचे नव्या सर्व्हरवर स्थलांतर झाल्यानंतर जुना सर्व्हर विकण्यापूर्वी, भंगारात देण्यापूर्वी किंवा पुरवठादाराला परत करण्यापूर्वी ही प्रक्रिया केली जाते.

== आवश्यकता ==
फाइल डिलीट केल्यास किंवा डिस्क झटपट फॉरमॅट केल्यास बहुधा केवळ फाइलींची सूची पुसली जाते. मूळ विदा डिस्कवर शिल्लक राहू शकते. अमेरिकेतील मॉर्गन स्टॅन्ले या वित्तसंस्थेने जुने सर्व्हर व हार्ड डिस्क निकाली काढण्याचे काम अननुभवी वाहतूक कंपनीकडे सोपविले. त्यांतील काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसह ऑनलाइन लिलावात विकली गेली. या प्रकरणी २०२२ मध्ये संस्थेने ३.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

== पद्धती ==
अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेत (प्रथम आवृत्ती २००६) निर्मूलनाचे तीन स्तर सांगितले आहेत.

* पुसणे : संपूर्ण डिस्कवर नवी विदा लिहिणे. आधुनिक चुंबकीय हार्ड डिस्कसाठी सामान्यतः एकच फेरी पुरेशी मानली जाते.
* शुद्धीकरण : डिस्कमधील अंगभूत निर्मूलन आज्ञा वापरणे किंवा कूटबद्ध विदेची किल्ली नष्ट करणे. एसएसडीमधील काही जागा संगणकाला दिसत नसल्यामुळे तेथे केवळ पुनर्लेखन विश्वसनीय ठरत नाही.
* विनाश : माध्यमाचे तुकडे करणे, ते वितळविणे किंवा जाळणे.

तीव्र चुंबकक्षेत्राने हार्ड डिस्क व चुंबकीय फिती निकामी होतात. एसएसडीवर त्याचा उपयोग होत नाही. रेड रचनेतील प्रत्येक डिस्कचे निर्मूलन करावे लागते. पूर्वी बिघडून बदललेल्या डिस्क व बॅकअपच्या फितीही विचारात घ्याव्या लागतात. अखेरीस पडताळणी करून डिस्कचा अनुक्रमांक, पद्धत व दिनांक यांची नोंद ठेवली जाते.

== अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात ==
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात सहकाराचे जाळे मोठे आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यातील आहे. साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, पतसंस्था आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा संस्था यांच्याकडे सभासदांचे बँक खाते, कर्ज व जमीन यांविषयीचा तपशील असतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशभरातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा स्थलांतरात जुन्या संगणकांची विल्हेवाट हा सभासदांच्या गोपनीयतेचा प्रश्न ठरतो.

== कायदेशीर बाजू ==
डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार उद्देश पूर्ण झाल्यावर वैयक्तिक विदा पुसणे अपेक्षित आहे. मात्र अन्य कायद्याने जतन बंधनकारक असल्यास ती ठेवावी लागते. सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे नव्या सर्व्हरवरील नोंदी जुन्याशी ताडून पाहणे, बॅकअप प्रत्यक्ष उघडून तपासणे आणि जतनाची मुदत पाहणे ही कामे निर्मूलनापूर्वीच करावी लागतात. कारण यशस्वी निर्मूलन मागे घेता येत नाही.