स्मारकशिला (बेने इस्राएल परंपरा)

बायबलमधील उपासनेत मंदिराआधी दगड येतो. याकोबाने बेथेल येथे उशाचा धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि नवस बोलला. यहोशवाने यार्देनच्या पात्रातले 12 दगड गिलगालात उभारले, पुढे मुलांनी ‘हे कशाचे?’ असे विचारावे म्हणून. वेदीच्या दगडाला हत्यार लावायचे नाही, असाही दंडक.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात ही नवसाची बाजू ठळक. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) रथाची खूण मानतात; तिथे नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे, फळांचा मलिदा होतो. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत 1796 मध्ये बांधलेले शाआर हारहामीम हे सिनेगॉगही नवसाचेच सांगतात. अलिबागजवळच्याच नवगावचे स्मारक मात्र, परंपरेनुसार, जहाजफुटीत बुडालेल्या पूर्वजांचे.