किल्ला पडल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं?

आजचा भाग हर्णेचा. दापोली तालुक्यातलं हे बंदर म्हटलं की आपल्याला आधी आठवतो समुद्रातला सुवर्णदुर्ग. शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे, मग तुळाजी. एप्रिल १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, कमोडोर जेम्सने तोफा डागल्या आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

ही गोष्ट तुम्ही ऐकलीही असेल. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. दुसऱ्या दिवशी गावातल्या लोकांनी काय केलं? आरमारात वल्ही मारणाऱ्या, शिडं ओढणाऱ्या माणसांची नावं सहसा कोणी लिहून ठेवत नाही. पण त्यांच्या राहण्याच्या खुणा दिसतात. किनाऱ्यावर सुवर्णदुर्गाच्या राखणीला गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड होते. आज कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती. राज्यं बदलली तरी मासेमारी काही थांबली नाही.

बंदरावरचा लिलाव बघा. मासळीचे वाटे मांडलेले, भोवती गर्दी, आणि बोली सगळी तोंडी. बोललेला भाव पाळायचा असतो, कारण उद्या परत त्याच माणसांसमोर उभं राहायचंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. म्हणजे ६१ दिवस कमाईला खीळ. तेव्हा जाळी दुरुस्त होतात, आणि आधी राखून ठेवलेल्या पैशांवर घर चालतं. याला कोणी शौर्य म्हणत नाही. पण दरवर्षी हे करायला काय लागतं, विचार करा.

आता जवळच्याच मुरुडचा एक मुलगा. साल १८७५, वय सतरा. सरकारी परीक्षेला मुंबईला जायचं, पण पावसाळी हवेमुळे बोटीने जाणं जमेना. मग तो काही मित्रांबरोबर साताऱ्याला पायी निघाला. सुमारे ११० मैल, वाटेत सह्याद्रीचा घाट. पोचल्यावर काय? 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही!

आपल्याकडे इंटरव्ह्यूनंतर 'रिग्रेट'चा ईमेल आला की आठवडाभर मूड जातो. माझाही जातो. हा मुलगा मात्र घरी आला आणि पुढच्या वर्षी परीक्षा देऊन पास झाला. तो म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांनी काम सोडलं नाही. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं.

मला मात्र त्या बरोबर चाललेल्या मित्रांचं जास्त वाटतं. तेही तेवढेच मैल चालले होते. त्यांच्या नावाने रस्ता नाही, पुतळा नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. लॉकडाउन चालूच होता. दापोली-मंडणगड भागात घरांची छपरं उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. लोकांनी वाटा मोकळ्या केल्या, एकमेकांची कौलं चढवली. आणि टीव्हीवर लगेच सुरू झालं, 'कोकणी माणूस चिवट!'

इथे मला थोडं खटकतं. चिवट आहेतच हो. पण म्हणून त्यांनी कायम सोसतच राहायचं का? हर्णेचे मच्छीमार वर्षानुवर्षं चांगली जेटी मागत आले. हे मागणंसुद्धा चिवटपणाच आहे. कर्व्यांनी तरी काय केलं? स्वतः सोसलं, पण पुढच्यांना तेवढं सोसायला लागू नये म्हणून संस्था उभ्या केल्या.

तर एक काम देतो. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावातलं सगळ्यात वाईट वर्ष कोणतं, आणि त्यानंतर घर कसं सावरलं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नावासकट. भेटू पुढच्या भागात!