पाळीवरची माती

भंडारा जिल्ह्यात मातीने बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. पवनीला तीन बाजूंनी वेढणारा प्राचीन मातीचा तट आजही ओळखू येतो. चौथी बाजू वैनगंगेने सांभाळली आहे. पण इथले मातीकाम खऱ्या अर्थाने दिसते ते तलावांवर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सात हजारांच्या आसपास माजी मालगुजारी, म्हणजे एकेकाळी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले, तलाव आहेत. बोलण्यात आणि सरकारी कागदातही त्यांचे नाव आता ‘मामा तलाव’ झाले आहे. त्यांतले कित्येक दोन-तीन शतके पाणी धरून आहेत. याचे श्रेय आपण सहसा ‘जुन्या लोकांच्या मजबूत कामाला’ देऊन मोकळे होतो. मला ते पटत नाही. माती मजबूत नसतेच. हे तलाव टिकले, कारण माती कुठे दगा देते हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते, आणि तिची वर्षाकाठी होणारी झीज भरून काढणे हा त्यांच्या बांधणीचाच भाग होता.

थोडा हिशेब मांडून पाहू. पाण्याचा दाब तलाव किती लांबरुंद आहे यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. दोन मीटर खोल पाणी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, प्रत्येक मीटर लांबीला सुमारे दोन टनांनी रेटते; खोली दुप्पट झाली की रेटा चौपट, म्हणजे आठ टन होतो. आता पाच मीटर उंचीची, माथ्यावर तीन मीटर रुंद आणि दोन्ही अंगांना एकास दोन असा उतार दिलेली पाळ घ्या. तळाशी ती तेवीस मीटर पसरते आणि तिच्या एक मीटर लांबीचे वजन शंभर टनांच्या पुढे जाते. आठ टनांचा रेटा तिला हलवणार नाही. म्हणजे पाळ ढकलली जाऊन फुटत नाही. ती फुटते दोन कारणांनी: माथ्यावरून पाणी गेले तर, किंवा पोटातून त्याला वाट सापडली तर. खेकड्याचे बीळ, उंदराचे बीळ, कुजलेल्या मुळाची पोकळी एवढेही पुरते. झिरपणारे पाणी आधी स्वच्छ येते, मग गढूळ येऊ लागते. गढूळ पाणी म्हणजे पाळीची माती आतून निघून चालली आहे.

म्हणून सगळी कला मातीच्या निवडीत आणि पाण्याला वाट देण्यात होती. या भागातला शेतकरी जमीन नावाने ओळखतो: काळी चिकट कन्हार, मिश्र मोरांड, रेताड सिहार, मुरमाड बरडी. चिकण माती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात भेगाळते. रेताड माती भेगाळत नाही, पण पाणी सोडते. एकट्या कुठल्याच मातीवर विसंबता येत नाही. जादा पाण्याला जायला सांडवा, म्हणजे इथली सलंग, ती शक्यतो पाळीच्या टोकाला कठीण जमिनीवर. शेताला पाणी सोडायचे दार म्हणजे तुडूम, आणि मातीत कुठलेही दगडी काम घुसवले की त्या सांध्याशी धोका असतोच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हाही विमोचकाचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाचे, काम अपुरे राहिले होते आणि पाळ नेमकी त्याच्यावर खचली होती. आधुनिक यंत्रसामग्री हाताशी असूनही मातीचा स्वभाव बदलला नव्हता.

हे ज्ञान ज्यांच्याकडे होते ते प्रामुख्याने कोहळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापलेल्या ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारी जात म्हणूनच त्यांची नोंद केली आहे; धान आणि ऊस ही त्यांची पिके. नवेगाव बांध, जो १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, परंपरेने कोलू पाटलाच्या नावावर आहे. तिथली दृष्टी बघण्यासारखी आहे. पाणी डोंगरांनी अडवले आहे. माणसाने फक्त मधल्या खिंडी बुजवल्या. तलावाच्या घेराच्या मानाने मातीचे काम थोडके आहे. साहित्य जितके कमी, तितकी राखणही कमी, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आपल्यासमोर उभे आहेत ते वाचलेले तलाव. जे फुटले ते शेतात विरून गेले, त्यांची गणती कोण करतो? हे मान्य करायला हवे. सगळेच बांधणारे निष्णात होते असा माझा दावा नाही. पण वाचलेल्यांत सारखेपणा आहे: योग्य जागा, मोकळी सलंग आणि सतत हात फिरलेली पाळ. त्यातला तिसरा घटक बांधकामात दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो. उन्हाळ्यात गाळ काढून बांध्यांत टाकणे, पावसाआधी बिळे बुजवणे, बसलेल्या माथ्यावर माती चढवणे ही कामे वर्षाच्या फेऱ्यातच होती. दगडी भिंत एकदा बांधून सोडता येते, मातीची पाळ मात्र कधीच ‘बांधून झाली’ असे होत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला बगल देता येत नाही. ही राखण मालगुजाराच्या हुकमाने, अनेकदा वेठीने होत होती. पाणी सामाईक असले तरी सत्ता सामाईक नव्हती. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, ते न्याय्यच झाले. चूक वेगळी होती. वेठ संपवताना वेठीने होणारे आवश्यक काम कोण करणार, हे ठरले नाही. तलाव मालमत्ता म्हणून कागदावर आले. बिळे बुजवणारा हात मात्र कागदावर आला नाही. सलंगीत गवत-झुडूप वाढले, तळात बेशरमाची झुडपे माजली, गाळाने खोली खाल्ली. आठ टनांचा रेटा पेलणारी पाळ दुर्लक्ष पेलू शकली नाही.

तिसरा सूर असा की गोसीखुर्दसारखे धरण असताना या डबक्यांचे काय अप्रूप? २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या त्या धरणाशी मामा तलावाची तुलना करणेच गैर आहे. धरण दूरच्या जमिनीला पाणी नेते. तलाव गावाच्या उशाशी पडलेला पाऊस गावातच थांबवतो. जिल्ह्यात सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाल्यावर पंधरा दिवस पावसाने ओढ दिली की धान करपते, आणि त्या पंधरा दिवसांसाठी तुडूम उघडावे लागते. शिवाय त्याच पाण्यावर ढिवरांची मासेमारी चालते, गुरे पाणी पितात आणि खालच्या विहिरी भरलेल्या राहतात.

आता या तलावांच्या दुरुस्तीकडे पुन्हा लक्ष गेले आहे आणि गाळ काढायला यंत्रे उतरली आहेत. इथे एक बारीक गोष्ट जपायला हवी. तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकण थर पाण्याला खाली झिरपू देत नाही. यंत्राचा पंजा त्याच्या आरपार मुरमापर्यंत गेला, तर तलाव खोल दिसतो आणि दिवाळीनंतर लवकर आटतो. पंजा पाळीच्या पायथ्याशी गेला, तर तिचा उतारच निराधार होतो. फावड्याने गाळ काढणारा माणूस मातीचा रंग बदलला की थांबत असे, आणि पाळीपासून अंतर राखून खणत असे. यंत्र चालवणाऱ्याला ते अंतर आधी खुणेची खुंटी ठोकून दाखवावे लागेल, आणि ती खुंटी कुठे ठोकायची हे सांगणारी माणसे गावागावांत अजून आहेत.