पाच कोनांचा तारा

दरवर्षी १ जुलैच्या आसपास मिनियापोलिसच्या लेक स्ट्रीटवर सोमाली स्वातंत्र्यदिनाचा उत्सव भरतो. ईडन प्रेरीहून गाडीने फार लांब नाही. तिथे जिकडेतिकडे एक निळा झेंडा दिसतो, मधोमध पांढरा तारा. हाच तारा तुम्ही आपल्या गावात कुणाच्या टी-शर्टवर, कुणाच्या गाडीतल्या आरशाला लटकलेला पाहिला असेल. त्याचे पाच कोन केवळ शोभेचे नाहीत. ब्रिटिश सोमालीलँड, इटालियन सोमालीलँड, फ्रेंच सोमालीलँड म्हणजे आजचं जिबूती, इथिओपियातलं ओगादेन आणि केनियाचा उत्तर सरहद्दीचा मुलूख, असे हे पाच तुकडे. झेंडा ठरला १९५४ साली. १ जुलै १९६० रोजी यातले फक्त पहिले दोन एकत्र आले. उरलेले तीन कोन आजही दुसऱ्यांच्या नकाशांत आहेत.

आपली मुलं सोमाली मुलांबरोबर एकाच वर्गात बसतात. घरी मात्र आपल्याकडे कधीकधी एक वाक्य सहज बोललं जातं, "त्यांच्याकडे काय, कायम मारामाऱ्याच!" मुलं ते ऐकतात. म्हणून आज जरा मागे जाऊ.

१३३१ साली प्रवासी इब्न बतूता मोगादिशूला उतरला. सुलतानाकडून त्याला जेवण आलं, त्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय: तुपात शिजवलेला भात, दुधात शिजवलेली कच्ची केळी, दही, आणि तोंडी लावायला लिंबाचं, आल्याचं, कैरीचं लोणचं. आपल्या आजीने वाढलेलं पान वाटावं! सोमाली घरांत आजही भाताबरोबर केळं खातात. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लिहितो, की खंबायतची जहाजं इथे कापड आणि मसाले आणत आणि सोनं, हस्तिदंत, मेण घेऊन परतत. सामोशाला तिथे सांबूस म्हणतात आणि भजीला बजिये. पावसाळी वाऱ्यांवर चालणाऱ्या त्या व्यापारात चवींचीही देवाणघेवाण झाली.

या किनाऱ्यावरच्या आणि आतल्या सुलतानांची राज्यं नकाशात रंगवता येतील अशी नव्हती. एकोणिसाव्या शतकात अफगोयेचे गेलेदी सुलतान शाबेले नदीकाठच्या शेतीवर आणि आत जाणाऱ्या व्यापारी वाटांवर वचक ठेवून होते, तर जवळचं मोगादिशू बंदर नावाला झांझिबारच्या सुलतानाचं. एकाच मुलखात दोघांचा शब्द चाले. विचित्र वाटतं? मग आपली चौथाई आठवा. १७१९ साली मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, तेव्हा सुभे मोगलांचेच राहिले. गाव एकच, वसुलीचे हक्क दोघांचे. तिथे "सीमा कुठे आहे?" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. "इथे कोण काय वसूल करतं आणि बदल्यात कोणाला सांभाळतं?" हा खरा प्रश्न.

युरोपीय आले ते पहिला प्रश्न घेऊन. माझं शिक्षण एमबीएचं, त्यामुळे मला यातला एक व्यवहार विशेष वाटतो. झांझिबारच्या सुलतानाने १८९२ साली मोगादिशूसह बनादिर किनाऱ्याची बंदरं इटलीला भाड्याने दिली. १९०५ साली इटलीने ती १,४४,००० पौंडांना विकतच घेतली. भाडेकरू मालक झाला, आणि आत राहणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. जुबालँड ब्रिटिशांच्या केनियात होतं. पहिल्या महायुद्धात बाजू घेतल्याचं बक्षीस म्हणून १९२५ साली ते इटलीला देऊन टाकलं.

सगळ्यात जास्त लागलं ते गुराख्यांना. १८९७च्या करारात ब्रिटिशांनी हौद नावाचं गवताळ पठार इथिओपियाकडे सोडलं. कोरड्या दिवसांत तिथे पाणी नसतं, पण पावसात उंटांना उत्तम चारा. उत्तरेकडच्या टोळ्या हंगामानुसार ये-जा करत. आता घरच्या विहिरी रेषेच्या एका बाजूला आणि चराई दुसऱ्या. १९६२ साली केनियाच्या उत्तर भागात ब्रिटिशांच्याच आयोगाने लोकांना विचारलं. बहुसंख्यांना सोमालियात जायचं होतं. तरीही तो भाग केनियातच ठेवला गेला आणि तिथे काही वर्षं बंड धुमसलं.

बेळगाव-निपाणीकडच्या श्रोत्यांना १९५६ आठवलं असेल. आयोग, अहवाल, कोर्टाच्या तारखा, हे सगळं आपणही पाहिलंय. पण बेळगावहून कोल्हापूरला जायला पासपोर्ट लागत नाही, हा फरक मोठा आहे.

१९६४ साली कैरोत आफ्रिकी देशांनी ठरवलं, की स्वातंत्र्याच्या वेळी होत्या त्याच सीमा पाळायच्या. सोमालियाने ते मानलं नाही. मला तो ठराव समजू शकतो. एक रेष हलवली असती तर शंभर हलल्या असत्या. सोमालियाने १९७७ साली ओगादेनसाठी युद्ध केलं आणि पुढच्या वर्षी ते हरला. पण १९९१ साली राज्य कोसळलं त्याचं सगळं खापर सीमांवर फोडू नये. सियाद बरेची हुकूमशाही, कुळाकुळांत लावलेली भांडणं, बाहेरून आलेली शस्त्रं, हेही तितकंच खरं. भाषा एक, धर्म एक, तरी देश मोडला. भाषेवर राज्य मागून घेतलेल्या आपण मराठी माणसांनी यावर थोडं थांबून विचार करावा.

तेव्हा पळालेली लाखो माणसं केनियातल्या दादाबच्या छावण्यांत पोचली. दादाब आहे कुठे? ताऱ्याच्या पाचव्या कोनात! स्थानिक लोकही सोमालीच, पण हे तिथे निर्वासित. तिथून आणि इतर छावण्यांतून काही कुटुंबं मिनेसोटात आली. कुणी निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थांमार्फत, कुणी मांसाच्या कारखान्यांतल्या कामासाठी, तर कुणी आधी आलेल्या नातेवाइकांमागे. आणि २०१०च्या अखेरीस ईडन प्रेरीतही रेषांचाच वाद पेटला. कोणत्या घरातलं मूल कोणत्या प्राथमिक शाळेत जाणार, याच्या हद्दी शाळा मंडळाने बदलल्या. गरीब घरांतली मुलं, त्यात बरीच सोमाली, एकाच शाळेत साचू नयेत हा हेतू. जुने रहिवासी श्रोते त्या सभांमधली तापलेली हवा विसरले नसतील.

तर लेक स्ट्रीटच्या उत्सवाला मुलांना घेऊन जरूर जा. कुणाशी ओळख झाली तर विचारा, तुमचं गाव ताऱ्याच्या कोणत्या कोनात? एक लक्षात असू द्या. समोरची व्यक्ती हर्गेसाची असेल, तर कदाचित तिचा झेंडाच वेगळा असेल. उत्तरेच्या सोमालीलँडने १८ मे १९९१ रोजी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं, तेही जुन्या ब्रिटिश रेषेचाच आधार घेऊन. त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका. आणि सांबूस गरम असतानाच खा.