उबवणी यंत्र

खुडूक कोंबडीच्या मदतीवाचून अंड्यांतून पिले काढण्याचे साधन. कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर येण्यास सु. २१ दिवस लागतात. या काळात कोंबडी अंड्यांना ऊब देते व ती वारंवार फिरविते. यंत्रास हीच कामे करावी लागतात.

ही कला ईजिप्तमध्ये फार प्राचीन आहे. शेणखताच्या उबेने तेथे अंडी उबविली जात, असा उल्लेख ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी केला आहे. पुढे विटांच्या भट्ट्या प्रचारात आल्या. त्यांत मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंस दुमजली कोठ्या असत. खाली अंडी ठेवून वर गोवऱ्या वा काड जाळीत. तापमापकाच्या अभावी अंडे पापणीला लावून उष्णता अजमावीत. हे कौशल्य वंशपरंपरेने चाले. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध करून तापमापकाचा वापर रूढ करण्याचा प्रयत्न केला. कॅलिफोर्नियातील पेटलूमा येथे १८७९ मध्ये लायमन बाइस व आयझॅक डायस यांनी व्यवहारोपयोगी यंत्र बनविले.

घरगुती यंत्र निवडताना अंड्यांच्या संख्येपेक्षा तापमानाच्या स्थैर्यास महत्त्व द्यावे. पंख्याच्या यंत्रात तापमान सु. ३७·५° से. ठेवतात, पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याशी ते थोडे अधिक लागते. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवितात. अठराव्या दिवसानंतर फिरविणे थांबवून आर्द्रता वाढवितात. तापमान काही तास जरी फार वाढले, तरी गर्भ मरतात; म्हणून यंत्र स्वयंचलित असले, तरी त्यावर लक्ष ठेवावेच लागते.