तुलूझ ते अमळनेर

अमळनेर म्हटलं की कुणाला साने गुरुजींची शाळा आठवते, कुणाला प्रताप मिल, कुणाला तत्त्वज्ञान मंदिर. माझं आयुष्य खानदेशात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं. त्यामुळे मला आधी आठवतं ते निकेल.

२९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना आला. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि '७८७' साबण हा त्यांचा माल. हीच पुढची विप्रो. तिची संगणकाची कथा आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण शेंगदाण्याचं पातळ तेल तुपासारखं थिजवण्याची विद्या आली कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही.

ती आली फ्रान्समधल्या तुलूझ गावातून. १८९० मध्ये लुडविग माँड यांना आढळलं होतं, की निकेलसारखा जड धातू कार्बन मोनॉक्साइडशी जोडला जाऊन चक्क उडून जाणारं द्रव्य बनतो. तुलूझचे प्राध्यापक पॉल साबातिए यांनी विचार केला : निकेल या वायूला धरून ठेवतं, तर एथिलीनला का धरणार नाही? १८९७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी, धर्मगुरू असलेले साँदरँस यांनी तापलेल्या निकेलच्या भुकटीवरून एथिलीन आणि हायड्रोजन सोडले. दोन्ही जोडले जाऊन एथेन मिळाला. निकेल होतं तसंच उरलं. बेंझिनमध्येही हायड्रोजन असाच घातला गेला.

साबातिए यांना पॅरिसहून बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत, जन्मभर तुलूझलाच राहिले. जिल्ह्याच्या गावी राहून काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट जरा जास्तच आवडते!

१९१२ चं नोबेल त्यांना व्हिक्तॉर ग्रिन्यार यांच्याबरोबर मिळालं. ग्रिन्यार यांनी मॅग्नेशियम धातू सरळ कार्बनला जोडून दाखवला होता. त्यांच्या प्रयोगात ईथर जराही ओलसर असलं की क्रिया सुरूच होत नाही. पावसाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी त्यापायी किती तास वाया घालवले असतील! साँदरँस यांना मात्र त्या पारितोषिकात वाटा मिळाला नाही.

साबातिए यांचं काम मुख्यतः वायू आणि वाफेवरचं. तेच पातळ तेलावर करून जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलं. चार दशकांनी तीच रीत अमळनेरला पोचली. इथे भुईमूग होता, सरकी होती, आणि साजूक तूप प्रत्येकाला परवडणारं नव्हतं.

खरी गंमत साबातिए यांच्या स्पष्टीकरणात आहे. त्यांचं म्हणणं असं, की निकेल हायड्रोजनशी क्षणभर टिकणारं संयुग करतं, तो पुढे देऊन टाकतं आणि स्वतः मोकळं होतं. त्यांनी हेही दाखवलं होतं, की तापमान वाढवलं तर हेच निकेल रेणूतून हायड्रोजन काढूनही घेतं. म्हणजे देणं-घेणं दोन्ही बाजूंनी. आता वनस्पती तूप करताना क्रिया अर्ध्यावर थांबवावी लागते, नाहीतर तेलाचं मेण होईल. या अर्धवट अवस्थेत एखादा हायड्रोजन चिकटतो आणि परत सुटतो. तेवढ्यात तेलाच्या रेणूतला नैसर्गिक बाक सरळ होऊन जातो. हीच ती ट्रान्स चरबी. १९९० मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं, की ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आली. साबातिए यांच्या नोंदींत दिलेला हायड्रोजन परत निघतो हे होतं. त्याचा आपल्या ताटाशी संबंध जोडायला जवळजवळ शतक गेलं.

आमच्या प्रयोगशाळेत तुपाची परीक्षा ठरलेली असे. वनस्पतीत तिळाचं तेल घालण्याची कायद्याने सक्ती होती, ती भेसळ पकडता यावी म्हणूनच. तूप वितळवायचं, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घालून हलवायचं. वनस्पती मिसळलेली असेल तर खाली लाल रंग उतरतो. शेजारपाजारच्या बायका वाटीत तूप घेऊन यायच्या, "सर, एवढं बघून द्या ना." रंग उतरला नाही की खूश होऊन जायच्या. वनस्पतीचा पिवळा डबा मात्र त्यांच्याही घरी असे, आमच्याही. तो तपासून मागायला कधी कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी माझ्या टेबलावर त्यासाठी काही साधन नव्हतं.