घाटांतली गाडी आणि परमिट रूममधला धूर

मद्यगृहांत व उपाहारगृहांत धूम्रपानास बंदी असावी कीं नसावी, ह्या वादाच्या दोन्ही बाजू एव्हांना वाचकांस पाठ झाल्या असतील. एक पक्ष म्हणतो, ओढणारा एक आणि धूर सर्वांच्या छातींत. दुसरा म्हणतो, ज्यास सोसत नाहीं त्यानें दुसरीकडे बसावें, मद्यगृह म्हणजे कांहीं देवघर नव्हे. हा सगळा वाद विलायतेंतून आलेलें खूळ आहे, असा समज चांगल्या सुशिक्षित माणसांतहि आढळतो. आम्हांस तो खरा वाटत नाहीं. हा वाद आपल्या देशांत सव्वाशें वर्षांहून जुना आहे. त्याचें पहिलें ठिकाण मद्यगृह नसून आगगाडीचा डबा हें होतें. आणि तो डबा डोळ्यांपुढें आणावयाचा तर मावळाच्या माथ्यावरील बोरघाटासारखी दुसरी जागा नाहीं.

बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं गाडी घाट चढून खंडाळा-लोणावळ्यास येऊं लागली. सुमारें १५ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढ, २५ बोगदे, आणि मध्येंच गाडीचें तोंड फिरवावें लागे असें एक स्टेशन, असा तो मार्ग होता. (ह्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ सालीं, वारला, कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिनें पुढें चालविलें. गोष्ट विषयाबाहेरची खरी. पण घाटाचें नांव काढून त्या बाईचें नांव न काढणें आम्हांस बरें वाटत नाहीं.) बोगदा आला म्हणजे एंजिनाचा धूर आंत येऊं नये म्हणून उतारूंनीं भराभर खिडक्या लावाव्या, आणि खिडक्या लागल्या कीं विडीचा, चिलमीचा व चिरुटाचा धूर आंतच कोंडावा! पुढें १९३० च्या सुमारास विजेच्या गाड्या घाटांत धांवूं लागल्या तेव्हां बाहेरचा धूर गेला, आंतला राहिला.

ह्या आंतल्या धुराविषयीं १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ११० व्या कलमांत एक नियम घातलेला होता. धूम्रपानासाठीं मुद्दाम राखलेला डबा सोडून इतर डब्यांत जो सहप्रवाशांच्या संमतीवांचून ओढील, त्यास २० रुपयांपर्यंत दंड. आणि रेल्वेच्या नोकरानें ताकीद देऊनहि तो न ऐकेल तर त्यास डब्यांतून बाहेर काढण्याचा अधिकार. त्या काळीं २० रुपये ही थोडी रक्कम नव्हती. ह्या नियमांतील 'संमति' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण आमच्या विवेचनाचा सारा रोख त्यावर आहे. कायद्याच्या अक्षराप्रमाणें शेजारी गप्प बसला म्हणजे त्यानें परवानगी दिली असें होत नव्हतें. ओढणाऱ्यानेंच आधीं विचारावयाचें होतें.

व्यवहारांत विचारतो कोण? आणि विचारणारा भेटला तरी 'नको' म्हणणें सर्वांस कोठें साधतें? साहेबाशेजारीं बसलेला कारकून, सासऱ्याबरोबर निघालेली सून, सावकारासमोर बसलेलें कूळ, ह्यांनीं नको म्हणावें कसें? शिवाय आपल्याकडे तंबाखू ही नुसती चैन नसून आदरातिथ्याची वस्तु होऊन बसली आहे. गांवच्या पारावर चिलीम ह्या हातांतून त्या हातांत जावयाची, चंची अनोळखी माणसापुढेंहि उघडावयाची. तिला नको म्हणणें म्हणजे त्या माणसालाच नको म्हणण्यासारखें. बंदीच्या कैवाऱ्यांनीं ही अडचण कधीं नीट ओळखली नाहीं, असें आम्हांस वाटतें. पारावर वारा वाहतो, म्हणून तेथें हा शिष्टाचार कोणास बाधत नाहीं. तोच खिडक्या लावलेल्या डब्यांत आला तेव्हां माणसें तींच राहिलीं, हवा मात्र बदलली.

राजांच्या बंद्यांचा इतिहास याहून जुना आहे, पण त्यांत शेजाऱ्याचें नांव क्वचितच येतें. तंबाखू आपल्याकडे फिरंग्यांनीं आणली आणि दक्षिणेंत ती उत्तरेच्या आधीं रुळली. अकबराच्या दरबारीं ती गेली ती असद बेगाच्या हातून, विजापुराहून. १६१७ सालीं जहांगीरानें तिच्यावर बंदी घातली; तुर्कस्तानच्या चौथ्या मुरादानें १६३३ सालीं देहान्ताची शिक्षा सांगितली. लोक ओढीतच राहिले. इंग्लंडचा पहिला जेम्स राजा ह्यानें १६०४ सालीं तंबाखूविरुद्ध स्वतः निबंध लिहिला. त्यांत संताप फार आहे. पण एक मुद्दा असा आहे कीं, ओढणाऱ्याच्या बायकोनें एक तर स्वतः तें व्यसन लावून घ्यावें, नाहीं तर जन्मभर दुर्गंध सोसावा, अशी तिची गति होते. ह्या बायकोची दाद लागावयास पावणेचारशें वर्षें लागलीं. १९५० सालीं डॉल व हिल ह्यांनीं इंग्लंडांत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविला. १९८१ सालीं जपानांत हिरायामा ह्यांनीं दाखविलें कीं, स्वतः न ओढणाऱ्या पण ओढणाऱ्या नवऱ्याच्या घरांत राहणाऱ्या बायकांतहि त्या रोगानें मरण्याचें प्रमाण अधिक आहे. तंबाखूच्या कारखानदारांनीं त्या आंकड्यांवर पुष्कळ धूळ उडविली, आंकडे टिकले. तोंपर्यंत शेजाऱ्याची तक्रार 'त्रास होतो' एवढीच होती, ती आतां 'इजा होते' अशी झाली.

आणि ह्यानंतर आठ वर्षांनीं, १९८९ सालीं, आपला नवा रेल्वे कायदा झाला. त्याचें १६७ वें कलम सांगतें कीं, डब्यांतील दुसऱ्या उतारूनें हरकत घेतली तर कोणी ओढूं नये. दंड १०० रुपयांपर्यंत. एखाद्या गाडींत सरसकट बंदी करण्याचा अधिकार त्याच कलमानें रेल्वेस दिला, हें खरें. परंतु मूळ नियम पाहतां, १८९० सालीं ज्या मौनाचा अर्थ नकार होता त्याचा ९९ वर्षांनीं होकार झाला. ज्ञान पुढें गेलें आणि कायदा एक पाऊल मागें आला, असें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां मद्यगृहाकडे वळूं. आपल्या राज्यांतलें परमिट रूम दारूबंदींतून जन्मास आलें, हें ऐकून परक्या माणसास नवल वाटेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें पिणाऱ्यास परवाना लागूं लागला. मागाहून बंधनें सैल होत गेलीं आणि लोणावळ्याच्या बाजारापासून कामशेत-वडगांवच्या हमरस्त्यापर्यंत परमिट रूमच्या पाट्या दिसूं लागल्या. परवाना लागे तो पेल्यास, विडी-सिगारेटीस नव्हे. ज्या वस्तूचा उपद्रव निदान त्या क्षणीं पिणाऱ्यापुरता होता तिच्यावर पहारा, आणि जी सगळी खोली भरून टाकी ती मोकळी!

२ नोव्हेंबर २००१ रोजीं, मुंबईचे मुरली देवरा ह्यांच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयानें रुग्णालयें, शिक्षणसंस्था, ग्रंथालयें, न्यायालयें, सार्वजनिक कचेऱ्या, प्रेक्षागृहें आणि आगगाडीसह सर्व सार्वजनिक वाहनें ह्यांत धूम्रपानास बंदी केली. ह्या यादींत उपाहारगृह नव्हतें. तें २००३ च्या कायद्यानें आलें. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम अमलांत आले. तत्पूर्वीं हॉटेलवाले व सिगारेटचे कारखानदार न्यायालयांत गेले, पण स्थगिति मिळाली नाहीं. ह्या नियमांत ओढणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे, परंतु महत्त्व त्याचें नाहीं. संमति आणि हरकत हे दोन्ही शब्द येथें गळाले. दारावर पाटी लावणें, राखेचें भांडें व काड्यापेटी टेबलावर न ठेवणें, कोणी ओढीत असेल तर त्यास थांबविणें, हें मालकाचें किंवा व्यवस्थापकाचें काम झालें, आणि तें न केल्यास दंड त्याला. भिडस्त शेजाऱ्याच्या जिभेवरचा भार मालकाच्या गल्ल्यावर गेला. आमच्या मतें खरा पालट तो हा.

मालकांची तक्रार अगदींच पोकळ होती असें नव्हे. 'मी बंदी पाळली तर गिऱ्हाईक शेजारच्या ढाब्यावर जाईल,' ही भीति खरी आहे. तिला उत्तर आयर्लंडनें २९ मार्च २००४ रोजीं दिलें: सर्व मद्यगृहांत एकाच दिवशीं बंदी, म्हणजे जावयास शेजार उरत नाहीं. आपल्या कायद्यानें मात्र वाट ठेवली. ३० खोल्यांचें हॉटेल किंवा ३० जणांची बैठक असलेलें उपाहारगृह असेल तर धूम्रपानासाठीं वेगळी जागा राखतां येते. लहान हॉटेलवाल्यानें ह्यावर कपाळास हात लावला तर त्याला हंसूं नये. सिन्नर-सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्नहि ह्या वादांत पुढें केला जातो. तो मोठा प्रश्न आहे. पण कोंडलेल्या खोलींत ओढूं दिल्यानें तो सुटणारा नव्हे.

त्या वेगळ्या खोलींत पेला घेऊन जातो कोण, हें मात्र पुष्कळ दिवस कोणी विचारलें नाहीं. गिऱ्हाईक दोन घटका बसून घाट उतरून जातें. मावळांतल्या एखाद्या वाडीहून कामास आलेला वेटर दिवसभर तेथेंच. त्याची संमति १८९० च्या रीतीनेंहि कोणी घेतली नसती. आयर्लंडची बंदी मुळांत कामगारांच्या संरक्षणासाठीं होती. आपल्याकडे ती दृष्टि उशिरां आली. मुंबई महापालिकेनें हुक्क्यावर लादलेल्या अटी सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं रद्द केल्या व राखीव खोलींत हुक्का देण्यास मोकळीक राहिली. मग मे २०१७ मध्यें नियमांत एक वाक्य घातलें गेलें: धूम्रपानाच्या जागेंत कोणतीहि सेवा पुरवूं नये. त्याच वर्षीं २९ डिसेंबरास मुंबईच्या कमला मिल्समध्यें आग लागून १४ माणसें मेलीं. अग्निशामक दलाच्या अहवालांत हुक्क्याच्या निखाऱ्यांवर ठपका आला, आणि २०१८ सालीं राज्यानें हुक्का पार्लर समूळ बंद केलीं, एक ते तीन वर्षें कैद आणि ५० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड ठेवून. ह्या कायद्याचा गाजावाजा झाला. तो व्हावयास नको होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वेटरच्या छातीचा विचार केला तर २०१७ चें तें एक मुकें वाक्य अधिक मोलाचें होतें, आणि त्याची वाच्यता फारशी झाली नाहीं.

लोणावळा-खंडाळ्यास दोन दिवसांसाठीं बंगले भाड्यानें मिळतात. मंडळी येतात, पावसामुळें खिडक्या लावून बसतात, आणि त्यांना वाढावयास स्वयंपाकी व गडी लागतात. असा बंगला घर कीं हॉटेल? घर म्हटलें तर मालकावर कांहींच जबाबदारी येत नाहीं, आणि गड्यापुढें पुन्हां हरकत घेण्यावांचून उपाय राहत नाहीं; तीहि पोटावर पाय येईल म्हणून तो घेणार नाहीं. लोणावळ्याच्या नगरपरिषदेनें भाड्यानें दिल्या जाणाऱ्या बंगल्यांस हॉटेलाप्रमाणें ती पाटी लावावयास सांगावी, असें आम्ही सुचवितों.